बॉनेटखालची मालकी

गेल्या श्रावणात चिपळूणहून पुण्यास परतत असता कुंभार्ली घाटाच्या निम्म्या चढावर आमच्या मोटारीचा तापमानाचा काटा तांबड्या रेघेकडे सरकू लागला, तेव्हा मला भीतीपेक्षा आश्चर्य अधिक वाटले. कारण दोनच महिन्यांपूर्वी याच विकारासाठी एका अधिकृत कार्यशाळेत मी अकरा हजार चारशे रुपये मोजून नवा रेडिएटर बसवून घेतला होता आणि आता पाच वर्षे इकडे पाहावे लागणार नाही असे आश्वासन घेऊन घरी आलो होतो. एअर कंडिशनर बंद केला, खिडक्या उघडल्या, जुन्या चालकांनी शिकविलेल्या उपायाप्रमाणे हीटर पूर्ण सोडून इंजिनाची उष्णता गाडीत ओढून घेतली आणि थांबत थांबत कसेबसे कोयनानगर गाठले. तेथे पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालविणाऱ्या एका तरुण मिस्त्रीने बॉनेट उघडले, इंजिन चालूच ठेवून दोन मिनिटे नुसते पाहिले आणि म्हणाला, “काका, रेडिएटर एकदम चांगलाय. पंखाच फिरत नाही.” मग त्याने फ्यूजची पेटी उघडून पंख्याचा रिले काढला, त्याच मापाचा हॉर्नचा रिले त्याच्या जागी बसविला, आणि पंखा गरगरू लागला. “पुण्यात नवा रिले टाकून घ्या, दोन-अडीचशेला मिळंल. तोवर हॉर्न नाही वाजायचा, वळणावर जपून जावा.” त्याने शंभर रुपये घेतले, तेही मी आग्रह केला म्हणून.

या घटनेत लबाडीचा शोध घेण्याचा माझा हेतू नाही. रिलेच्या आतील स्पर्शबिंदू जळलेले होते. ते कधी जुळत, कधी जुळत नसत. आणि ज्या दिवशी गाडी कार्यशाळेत गेली त्या दिवशी पंखा बहुधा फिरत असावा. सपाट रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या मोटारीचा रेडिएटर थंड ठेवण्यास समोरचा वाराच पुरतो, म्हणून बाह्यवळण मार्गावर घेतलेल्या चाचणीत गाडी निर्दोष ठरली. घाटात, जेथे वेग मंद आणि इंजिनावरचा भार मोठा, तेथे मात्र पंख्यावाचून गत्यंतर नसते. मला खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. गाडी देताना मी दोन तक्रारी सांगितल्या होत्या: चौकात खोळंबून राहिले की काटा चढतो, आणि त्याच वेळी गाडीतला गारवाही कमी होतो. एअर कंडिशनरचा कंडेन्सर आणि रेडिएटर हे एकामागे एक बसविलेले असून दोहोंना एकच पंखा हवा पुरवितो हे ध्यानी घेऊन या दोन तक्रारी एकत्र वाचल्या असत्या, तर खऱ्या दोषावर बोट ठेवणे अवघड नव्हते. परंतु जॉब कार्डावर त्या दोन स्वतंत्र ओळींत उतरल्या; एकीच्या उत्तरादाखल रेडिएटर बदलला गेला, दुसरीच्या उत्तरादाखल गॅस भरला गेला, दोन्हींची रक्कम वसूल झाली, आणि कोणत्या तपासणीवरून हा निर्णय झाला याचा एक शब्दही कोठे लिहिला गेला नाही. जुना रेडिएटर मी पाहिला नाही. तो मागण्याचे मला सुचलेही नाही.

मोटारीच्या भरवशाविषयी आपल्याकडे जे बोलणे होते ते बहुधा कंपनीच्या नावावरून होते. अमुक कंपनीची गाडी दणकट, तमुक कंपनीची नाजूक. हिचे भाग गावोगाव मिळतात, तिचे मुंबईहून मागवावे लागतात. हिला विकताना किंमत येते, तिला येत नाही. या बोलण्यात अनुभवाचा अंश आहे, आणि जन्मातून दोन-तीनदाच एवढी मोठी खरेदी करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाने ते कान देऊन ऐकावे हेही योग्यच. तथापि, गेली पस्तीस वर्षे स्वतःच्या आणि आप्तेष्टांच्या मोटारींबरोबर गॅरेजांच्या दारात उभा राहिल्यावर माझे असे निश्चित मत झाले आहे की, मोटारमालकाची खरी विवंचना गाडी बिघडते ही नसून, ती कशाने बिघडली हे जाणण्याचे आणि सांगितलेले निदान दुसऱ्याकडून पडताळून घेण्याचे साधन त्याच्या हाती राहिलेले नाही, ही आहे. यंत्र झिजायचेच. पण ज्या यंत्राच्या विकाराचे ज्ञान मालकापासून आणि त्याच्या विश्वासातल्या मिस्त्रीपासून बुद्ध्या दूर ठेवले जाते, त्याची मालकी आरटीओच्या दप्तरातील नोंदीपुरतीच उरते.

पूर्वी असे नव्हते, हे म्हणताना पूर्वीच्या गाड्या चांगल्या होत्या असे मी म्हणत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, ती माझ्या वडिलांच्या पिढीने नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतली, आणि घेतल्यावर तिची सेवाही तितक्याच निष्ठेने केली. उन्हाळ्यात बोरघाट चढताना इंजिनाच्या धगीने पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडे. मग खोपोलीहून निघतानाच पंपावर ओले फडके गुंडाळण्याची रीत होती, आणि वर पोहोचेपर्यंत ते दोनदा भिजवावे लागे. पॉइंट घासणे, प्लग साफ करणे, कार्बोरेटरचे जेट फुंकून मोकळे करणे, फॅन बेल्टचा ताण अंगठ्याने दाबून पाहणे ही कामे मालकाला किंवा ड्रायव्हरला येत असत, नव्हे, यावीच लागत. हेड उघडणे, बोअर करून इंजिन बांधणे हे खर्च अपेक्षितच असत, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी अशा कामांत निष्णात झालेल्या कारागिरांच्या पिढ्या त्यातूनच घडल्या. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या रंगात ही गाडी इतकी दीर्घकाळ टिकली की, टॅक्सीसाठी ठरविलेली वीस वर्षांची मुदत संपून तिच्यातली शेवटची गाडी ताफ्यातून निघाली ती २०२३ च्या ऑक्टोबरात. एक यंत्र इतकी वर्षे रोजच्या धंद्यात उभे राहते याचे रहस्य त्याच्या पोलादात जितके होते त्याहून अधिक या गोष्टीत होते की, ग्रँट रोडपासून गोवंडीपर्यंत कोणत्याही गल्लीतला मिस्त्री ते खोलू शकत होता आणि त्याचा कोणताही भाग बाजारात मिळत होता.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि रोज सकाळी किल्ली फिरविली की गाडी सुरू व्हावी, ही अपेक्षा प्रथमच सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. तिच्यामागून आलेल्या गाड्यांत कार्बोरेटर गेला, इंधन संगणकाच्या आज्ञेने मोजून सुटू लागले, आणि आजच्या साध्या पेट्रोल गाडीचे इंजिन, तेल-पाणी वेळेवर मिळाले तर, दीड-दोन लाख किलोमीटर हेड न उघडता चालते. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. मात्र ज्या संगणकाने हा भरवसा दिला त्यानेच निदानाची भाषा बदलली. पूर्वी गाडी मिसिंग करू लागली तर कानाला कळे. आज डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडल्यावर एक संकेतांक उमटतो. आता, या संकेतांकाला जो अर्थ दिला जातो तेथेच पुष्कळांची फसगत होते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

संगणक जे नोंदवितो ती फिर्याद असते. निवाडा चौकशीअंती व्हावयाचा असतो. उदाहरणार्थ, ‘पी ०४२०’ हा संकेतांक असे सांगतो की, सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम अपेक्षेपेक्षा कमी भरत आहे. हा भाग अत्यंत महाग, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात. पण संगणकाने हे अनुमान काढलेले असते ते कन्व्हर्टरच्या पुढे-मागे बसविलेल्या ऑक्सिजन सेन्सरांच्या साक्षीवरून. आणि साक्षीदारच बिघडलेला असेल, किंवा सायलेन्सरच्या जोडावर फट पडून बाहेरची हवा आत शिरत असेल, तरीही फिर्याद तीच नोंदली जाते. कुशल कारागीर आधी फट शोधील, मग सेन्सरचे वाचन तपासील आणि अखेरीस कन्व्हर्टरकडे वळेल. घाईचा माणूस संकेतांक वाचून थेट कन्व्हर्टरचे एस्टिमेट लिहील. त्या दोघांतला फरक ओळखण्यासाठी मालकाला अभियंता होण्याची गरज नाही. कोणता संकेतांक आला आणि तो आल्यावर काय काय तपासले, एवढे दोन ओळींत लिहून मिळाले तरी पुरे. हे लेखी देण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाही. डॉक्टर रक्ततपासणीचा अहवाल रुग्णाच्या हाती देतो. मग मोटारीचा अहवाल मालकाच्या हाती का नसावा?

याला जोडूनच वॉरंटीची भीती येते. बाहेर ऑइल बदलले तर वॉरंटी जाईल, बाहेर कॅमेरा बसविला तर जाईल, बाहेर बॅटरी घातली तर जाईल, असे दडपण मनात घेऊन लक्षावधी मालक पहिली चार-पाच वर्षे काढतात. या बाबतीत एक महत्त्वाचा निकाल होऊन गेला आहे, आणि तो सामान्य वाचकाच्या विस्मरणात गेला याचे मला वाईट वाटते. एका ग्राहकाने २०११ साली केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाच्या मते दोष असा होता की, या कंपन्या आपले सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती व उपकरणे अधिकृत विक्रेत्यांच्या बाहेर जाऊ देत नव्हत्या. आणि एकदा गाडी घेतली की ग्राहक त्याच कंपनीच्या भागांना बांधलेला असल्यामुळे त्याला दुसरा बाजारच उरत नव्हता. भाग खुल्या बाजारात मिळू द्यावे, स्वतंत्र गॅरेजांना माहिती उपलब्ध करून द्यावी, आणि बाहेर काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असा तो हुकूम होता. त्यावर अपिले झाली, वाद वरच्या न्यायासनांपुढे गेला. त्या कायदेशीर प्रवासाचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. पण हुकमाचा आशय मला पूर्णतः न्याय्य वाटतो, आणि पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या बाजारात आपल्या गाडीचा एखादा सेन्सर शोधीत फिरणाऱ्या कोणालाही तो तसाच वाटेल.

पुढे २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काविषयी एक समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांबरोबर मोटारींचाही तिच्या विषयांत समावेश होता. आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू झाले. पाऊल योग्य दिशेने पडले, यात शंका नाही. परंतु कंपन्यांनी आपण होऊन माहिती द्यावी असे आवाहन करणे वेगळे आणि माहिती न दिल्यास जबाब द्यावा लागेल असे बंधन घालणे वेगळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली असे बंधन घालणारा कायदा केला. त्याचा परिणाम असा झाला की, दोनच वर्षांत मोटार कंपन्यांनी स्वतंत्र दुरुस्तीदारांच्या संघटनांशी साऱ्या देशापुरता करार करून निदानाची माहिती वाजवी मोबदल्यात देण्याचे मान्य केले. तेथे जे एका राज्याच्या कायद्याने साधले ते येथे केंद्राच्या कायद्याने साधता येणार नाही, असे मानण्यास मला कारण दिसत नाही.

ज्ञान दडविले जाते ते दुरुस्तीच्या वेळीच असे नाही. विक्रीच्या वेळीही ते सांगितले जात नाही. माझ्या मेहुण्यांनी निवृत्तीनंतर हौसेने डिझेलची मोठी गाडी घेतली. त्यांचा वापर म्हणजे सकाळी मंडई, संध्याकाळी नातवाला शिकवणीहून आणणे, आणि वर्षातून एकदा पंढरपूर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धूरमार्गात काजळी अडविणारी गाळणी असते. ती गाळणी साठलेली काजळी वेळोवेळी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी धुराचे तापमान सुमारे सहाशे अंश सेल्सियसपर्यंत चढावे लागते, आणि ते चढण्यास गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे सलग धावावी लागते. तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत हे कधीच घडत नाही. काजळी जाळण्याचा प्रयत्न अर्धवट सुटतो, त्यासाठी सोडलेले जास्तीचे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते, दिवा लागतो, गाडीची शक्ती कमी केली जाते. मेहुण्यांची गाडी एका वर्षात चार वेळा कार्यशाळेत गेली आणि प्रत्येक वेळी ती सदोष आहे या समजुतीने घरातले सारे कष्टी झाले. गाडी सदोष नव्हती. ती त्यांच्या वापरासाठी नव्हती, आणि हे सांगण्याचे कर्तव्य ज्याचे होते त्याने, त्यांचा रोजचा प्रवास किती हा एकच प्रश्न विचारला असता तरी दोन्ही पक्षांचा मनस्ताप वाचला असता. पुस्तिकेत हे सारे लिहिलेले असते, हे खरे. पण इंग्रजीतील तीनशे पानांच्या पुस्तिकेत पोटात कोठेतरी असलेला परिच्छेद म्हणजे ग्राहकाला दिलेली सूचना होय, असे मी मानीत नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या गाडीबरोबर निदान वीस पानांची मराठी पुस्तिका असावी, आणि तिचे पहिले पान ही गाडी कोणी घेऊ नये यावर असावे.

इंधनाच्या बाबतीतही तीच गत. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता पंपावर सर्रास येते. इथेनॉल आपल्या साखर कारखान्यांतून निघते, त्याने उसाच्या बिलाला आधार मिळतो, परदेशी तेलावरचा खर्च वाचतो. सांगली-कोल्हापुरात तर ऊस घालणारा शेतकरी आणि पेट्रोल भरणारा मोटारमालक पुष्कळदा एकच असतो, सबब या धोरणाला मी विरोध करीत नाही. पण इथेनॉलचे उष्णतामूल्य पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे, त्यामुळे ॲव्हरेज काही अंशी घटणार हे रसायनशास्त्राने ठरलेले आहे. आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीच्या टाकीत, रबरी नळ्यांत आणि वॉशरांत त्याचा उपद्रव संभवतो. २०१० किंवा २०१२ सालची गाडी असलेल्या माणसाला त्याच्या गाडीच्या कोणत्या नळ्या, कोणते सील बदलून घ्यावे आणि त्यांची किंमत काय, हे कंपनीने यादीवार जाहीर करावयास नको काय? आज तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो आणि प्रत्येकाकडून निराळे उत्तर ऐकतो.

पावसाळ्यातील विषय वेगळा आहे, पण अज्ञानाचे मोल तेथे सर्वांत जड पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. त्यांतल्या ज्या नुसत्या बुडाल्या त्या पुष्कळशा वाचल्या. ज्यांच्या मालकांनी पाणी ओसरताच धीर न धरता सेल्फ मारला, त्यांची इंजिने गेली. हवेच्या मार्गाने सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपन्या सामान्य पॉलिसीत हे नुकसान परिणामजन्य ठरवून बहुधा नाकारतात. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. म्हणून ज्याच्या वाहनतळात पाणी शिरते त्याने किल्लीला हात न लावता आधी बॅटरीची तार सोडवावी आणि गाडी ओढून न्यावी. याच दिवसांत उबेला इंजिनात शिरणारे उंदीर वायरिंग कुरतडतात. त्याला बॉनेट रोज उघडून पाहण्याइतका खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

मी अधिकृत कार्यशाळांविषयी कठोर लिहिले, तेव्हा स्वतंत्र गॅरेजांच्या बाजूने जे लिहिणे योग्य तितकेच त्यांच्या विरुद्धही लिहिले पाहिजे. कुलंटच्या ऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतून इंजिनातील जलमार्ग गंजवून टाकणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. डुप्लिकेट ब्रेक पॅड ओरिजिनलच्या भावाने बसविणारे पाहिले आहेत. टायमिंग बेल्ट बदलण्याची मुदत गाठल्यावरही ‘अजून चालेल’ म्हणून गिऱ्हाईक परत पाठविणारे भल्या मनाचे, पण अपुऱ्या माहितीचे कारागीरही पाहिले आहेत. आणि तो बेल्ट तुटला की कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून काही सेकंदांत सारे हेड निकामी होते. बिल न देणे ही तर तेथील सार्वत्रिक रीत, आणि बिल नाही म्हणजे दाद मागण्यास जागा नाही. परंतु या दोषांचे मूळ पुष्कळ अंशी त्याच कुलूपबंद ज्ञानात आहे. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आलेल्या मुलाला स्वतःचे गॅरेज काढावयाचे असेल तर कंपनीची वायरिंगची आकृती मिळत नाही, कोणता बोल्ट किती जोराने आवळावा याचे कोष्टक मिळत नाही, नवा भाग बसविल्यावर तो संगणकाला ओळखवून देणारी प्रणाली मिळत नाही. मग तो अंदाजाने काम करतो, आणि आपण त्याला अडाणी म्हणतो. कोयनानगरच्या त्या मुलाने माझा दोष ओळखला तो दहा-वीस गाड्यांवर हात घालून कमावलेल्या बुद्धीने. त्या बुद्धीच्या हाती अधिकृत माहिती आली तर आडवळणाच्या तालुक्यातही मोटार निश्चिंतपणे वापरता येईल.

कार्यशाळेत काउंटरवर बसणाऱ्या सल्लागारांविषयीही मला सहानुभूती आहे. त्या तरुण मुला-मुलींना महिन्याचे उद्दिष्ट दिलेले असते, आणि ते भरण्यासाठी सर्व्हिसिंगच्या यादीत डीकार्बनायझिंग, इंजिन फ्लशिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, खालून लेप अशी कामे घालावी लागतात, ज्यांतली कित्येक उत्पादकाच्या स्वतःच्या नियतकालिक वेळापत्रकात नसतात. वाचकांनी एकदा आपल्या पुस्तिकेतील ते वेळापत्रक आणि हातातील एस्टिमेट शेजारी ठेवून पाहावे. जे वेळापत्रकात नाही आणि ज्याची तक्रारही आपण केलेली नाही, ते काम का करावयाचे हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मोटार वाहन नियमांत बदल होऊन १ एप्रिल २०२१ पासून, सुरक्षेस बाध आणणारा दोष आढळल्यास सात वर्षांपर्यंतच्या गाड्या परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे बंधन उत्पादकांवर आलेले आहे. पण सूचनेचे पत्र मूळ मालकाच्या पत्त्यावर जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेलेल्या गाडीचा मालक अंधारात राहतो. खरेदीखत होण्यापूर्वीच चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून असे काही काम बाकी आहे काय, ते पाहावे. त्यास पैसा लागत नाही.

मला शासनाकडे मागावयाचे आहे ते फार नाही. २०१४ च्या हुकमातील तत्त्वे कायद्याच्या रूपाने यावीत: सुटे भाग आणि त्यांच्या किमती खुल्या असाव्यात, मॉडेल बंद झाल्यावरही किती वर्षे भाग पुरविले जातील हे विक्रीच्या दिवशीच लिहून मिळावे, निदानाची प्रणाली स्वतंत्र गॅरेजांना वाजवी शुल्कात मिळावी, आणि दुरुस्तीच्या प्रत्येक बिलावर, कोणती तपासणी करून कोणता भाग का बदलला, ही नोंद सक्तीची व्हावी. विजेच्या गाड्या वाढत आहेत, त्यांच्या बॅटरीची हमी बहुतेक ठिकाणी आठ वर्षांची आहे. ती मुदत संपलेल्या गाड्यांची पहिली मोठी लाट येण्यापूर्वी हा कायदा झाला पाहिजे, कारण त्या बॅटरीची किंमत रेडिएटरसारखी अकरा हजारांत मिटणारी नाही.

आणि कायदा होईपर्यंत, वाचकहो, एवढे कराच. गाडीच्या डॅशबोर्डातील कप्प्यात शंभर पानी वही ठेवा आणि प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि कारण तीत लिहा. पुढच्या सर्व्हिसिंगच्या दिवशी, पैसे देण्यापूर्वी, स्कॅनरने दाखविलेला संकेतांक कागदावर मागा आणि बदललेला प्रत्येक जुना भाग डिकीत ठेवून घ्या.